नानांचा अंगठा

१८९७ हे साल महाराष्ट्राला फार गडबडीचं गेलं. पुण्यात प्लेग, जूनमध्ये रँडवर गोळीबार, सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाची शिक्षा. या धामधुमीत आणखी दोन घटना घडल्या, त्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नसणार. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून, मध्ये शस्त्रक्रियेची हत्यारं बनवून पाहून, शेवटी कुलपं बनवायला घेतली. आणि कलकत्त्यात पोलिसांनी बोटांच्या ठशांचं कार्यालय उघडलं, जगातलं पहिलं. म्हणजे एकाच वर्षी देशाच्या पश्चिमेला कुलूप सिद्ध झालं आणि पूर्वेला अंगठा. दोघांची पत्रिका जुळायला मात्र शंभरावर वर्षं गेली. २०१३ मध्ये आयफोन ५एस आला, मग हळूहळू सगळ्याच फोनना अंगठ्याची सवय लागली, आणि संसार सुखाचा चालला. गेल्या नोव्हेंबरात धनकवडीला, माझ्या सासऱ्यांच्या फोनमध्ये, त्यांचं बिनसलं.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. नाना जिल्हा कोषागारातून निवृत्त झाले. अंगठ्याशी त्यांचा संबंध जुना. निवृत्तिवेतन घ्यायला येणारी म्हातारी माणसं शाईचा अंगठा उठवायची आणि शेजारी ‘अंगठा समक्ष’ असं लिहून नाना सही ठोकायचे. निरक्षर माणसाच्या अंगठ्याला साक्षर माणसाचा जामीन, अशी ती व्यवस्था. तिचा उगमही सरकारीच आहे. १८५८ मध्ये बंगालातल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या सबंध हाताचा ठसा करारनाम्यावर घेतला. करार रस्त्याच्या खडीचा होता. उद्या हा गृहस्थ ‘सही माझी नव्हेच’ म्हणाला तर काय, ही साहेबाची धास्ती. आज आपण फोनला अंगठा लावतो त्या थोर परंपरेच्या मुळाशी रस्त्याचा कंत्राटदार आणि त्याच्यावरचा अविश्वास आहे, हे आपल्या रस्त्यांवरून जाणाऱ्याला सांगायला नको.

तर अपडेट. नानांच्या फोनवर ती सूचना बरेच दिवस येत होती आणि नाना तिला ‘नंतर’ म्हणत होते. कोषागारात ‘नंतर’ हा शेरा पडलेली फाइल नंतरच हलते. कधीकधी शेरा मारणारा निवृत्त झाल्यानंतर. फोनला ही कार्यपद्धती ठाऊक नसावी. रात्री सगळी निजानीज झाल्यावर, चार्जिंगला लावलेला असताना, त्याने परस्पर अपडेट मारला, स्वतःला बंद केलं, पुन्हा चालू केलं, आणि सकाळी नानांनी अंगठा टेकवला तेव्हा सांगितलं की फोन पुन्हा सुरू झाला आहे, पिन टाका.

नानांनी अंगठा पायजम्याला पुसला आणि पुन्हा टेकवला. मग दुसऱ्या हाताचा टेकवला. मग फोन पायजम्याला पुसला.

“जावईबापू,” मला फोन आला तो आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मोबाइलवरून, “हा मला ओळखत नाही.”

नानांना वाटलं अपडेटने अंगठा पुसून टाकला. तसं नव्हतं. अंगठा आत सुखरूप होता, पण या घडीला त्याला अधिकार नव्हता. याचं कारण मी नानांना समजावलं आणि ते त्यांना कारकुनी अंगाने पटलंसुद्धा. अंगठ्याचा ठसा दर वेळी थोडा वेगळा उमटतो. कधी तिरका, कधी ओला, कधी पीठ लागलेला. फोन ‘जवळजवळ तोच’ म्हणून चालवून घेतो. पण फोनमधले फोटो, नंबर, निरोप ज्या गणिताने बंदिस्त केलेले असतात त्या गणिताला ‘जवळजवळ’ चालत नाही. त्याला नेमका आकडाच लागतो. एकदा आकडा टाकला की ती मूळ किल्ली फोनच्या चालू स्मृतीत राहते आणि मग दिवसभर अंगठ्यावर भागतं. फोन बंद होऊन सुरू झाला की ती स्मृती कोरी. अंगठा हा घरातला जुना गडी. दार आतून उघडं असेल तर तो तुम्हाला ओळखून आत घेईल, पाणीही देईल. पण घराला कुलूप असेल तर तोही तुमच्याबरोबर पायरीवर बसणार.

“म्हणजे ताळेबंद नव्याने सुरू झाला. मागची शिल्लक पुढे ओढलेली नाही,” नाना म्हणाले.

मी म्हटलं, “बरोबर. तेव्हा आता आकडा सांगा.”

नाना गप्प.

वास्तविक असले फोन अधूनमधून, साधारण तीन दिवसांनी एकदा, अंगठा बाजूला ठेवून आकडा मागतातच. माणसं विसरतील हे बनवणाऱ्यांना ठाऊक असतं. नानांनाही तो मागत होता आणि नाना टाकतही होते. पण ते काम नानांचं डोकं करत नव्हतं, ते अंगठाच करत होता. वर्तमानपत्र वाचता वाचता, आईंशी बोलता बोलता, अंगठा आपला टक टक टक करून दार उघडायचा. आकडा काय आहे हे नानांना विचारायची पाळी त्याच्यावर कधी आली नाही. अपडेटने त्या बटणांचं रूप पालटलं. चौकोनी होती ती गोल झाली, थोरली झाली, आणि जराशी वर सरकली. अंगठा आला आणि ओळखीच्या गल्लीत घरंच हलवलेली दिसावीत तसा भांबावून थांबला. मग नानांनी डोक्याने विचार करायला घेतला, आणि तिथे सगळं संपलं. सूर्यनमस्कार घालताना ‘आता उजवा पाय की डावा’ असा प्रश्न एकदा पडला की पुढचा नमस्कार होत नाही.

आकडा चार अंकी की सहा अंकी, इथूनच वाद सुरू झाला. फोन ते सांगत नाही. नाना म्हणाले सहा, कारण सरकारी नोकराने काटेकोर असावं. आई म्हणाल्या चार, कारण त्या नानांना ओळखतात. या वादाचा एक निकाल पूर्वी लागलेला आहे आणि तोही बायकोनेच लावलेला. लंडनमधल्या एनफिल्डला १९६७ मध्ये बँकेच्या भिंतीत पैसे देणारं यंत्र बसवणारे जॉन शेपर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्यांच्या मनात सहा अंकी संकेत होता, लष्करातला स्वतःचा नंबर आठवत होता म्हणून. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्यांनी पत्नीला, कॅरोलिनला, विचारलं. ती म्हणाली, माझ्या लक्षात चारच राहतील. संपलं. पिनचं पितृत्व तसं वादात आहे, स्कॉटलंडचे जेम्स गुडफेलो यांचं पेटंट १९६६ चं. पण शेपर्ड-बॅरन यांनी स्वतः सांगितलेली ही हकिगत मला खरी वाटते. जागतिक दर्जाचा निर्णय स्वयंपाकघरात होतो, हे आमच्याकडेही रोज दिसतं.

चार अंकी धरून प्रयत्नांना सुरुवात झाली. हा कार्यक्रम कुटुंबासमोर करू नये, एवढं मी अनुभवाने सांगू शकतो. दारं लावून, एकट्याने करावा. कारण माणूस कुणाची तारीख आकडा म्हणून ठेवतो हा प्रश्न तांत्रिक नाही.

पहिला मान आईंचा. त्यांचा वाढदिवस १ जून. नानांचाही १ जून. यात दैवयोग नाही. त्या पिढीत मुलाला शाळेत घालायला नेलं की गुरुजी जन्मतारीख विचारत, वडील ‘पेरणीच्या सुमारास’ म्हणत, आणि गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ नागरिकांचे फोन लांबवणाऱ्याने आधी ०१०६ दाबून पाहावं, त्याचा बराच वेळ वाचेल. २०१२ मध्ये निक बेरी नावाच्या माहितीतज्ज्ञाने फुटलेल्या याद्यांमधले ३४ लाख चार अंकी संकेत चाळले तेव्हा त्यात जवळजवळ ११ टक्के लोकांचा संकेत १२३४ निघाला होता. आपल्याकडच्या साठीपुढच्यांची यादी कुणी चाळली तर १ जून त्याला टक्कर देईल अशी माझी खात्री आहे.

उघडला नाही.

आई म्हणाल्या, “असू दे. लग्नाची घाला.”

नाना आत्मविश्वासाने म्हणाले, “वैशाख वद्य पंचमी.”

बटणांवर वद्य नव्हतं. इंग्रजी तारीख आईंनीच सांगितली, आणि सांगायला लागली याचीही मनात कुठेतरी नोंद झाली. ती घातली. फोन थरथरला आणि नाही म्हणाला. आई काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि कुकरची शिटी काढून पुन्हा बसवली. शिटीला काही झालेलं नव्हतं.

मग हिची जन्मतारीख. हिने साडीचा पदर सावरला, जणू नाव पुकारलं जाणार होतं. नाही. मग माझ्या मेहुण्याची, म्हणजे नानांच्या एकुलत्या एक मुलाची. ती दाबताना खोलीतला पंखासुद्धा हळू फिरायला लागल्यासारखा वाटला. उघडला असता तर फोन मिळाला असता आणि घर गेलं असतं. तोही नाही निघाला. हिने एवढ्या मोठ्याने श्वास सोडला की नाना म्हणाले, “तुला फोन उघडायला हवाय ना नक्की?”

शेवटी नातीची तारीख निघेल, निदान सगळ्यांना गोड वाटेल असं काहीतरी, अशी माझी आशा होती. नाना म्हणाले, “थांबा. २०७१.” मी विचारलं, ही कुणाची? म्हणाले, निवृत्तिवेतनाचं लेखाशीर्ष. ज्या माणसाने पत्नी, मुलगी, मुलगा यांच्या रांगेत चौथ्या क्रमांकावर सरकारी खर्चाचं मुख्य शीर्ष उभं केलं, त्याच्याकडे आई आतून पाहत होत्या. सुदैवाने तेही चुकलं.

आता फोनने थांबायला लावायला सुरुवात केली. आधी अर्धं मिनिट, मग त्याहून जास्त. हा वेळ फार वाईट, कारण त्यात बोलायला मिळतं. वातावरण हलकं करावं म्हणून मी २०१९ मधली गोष्ट सांगितली. अमेरिकेतले पत्रकार इव्हान ऑस्नॉस यांच्या तीन वर्षांच्या मुलाने त्यांच्या आयपॅडवर इतक्यांदा चुकीचा आकडा दाबला की त्यावर सूचना आली, २,५५,३६,४४२ मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा. म्हणजे ४८ वर्षांहून जास्त.

“तोवर यांचा हयातीचा दाखला कोण देणार?” आईंनी आतून विचारलं.

इथे खरी मेख होती. नोव्हेंबर म्हणजे निवृत्तिवेतनधारकांनी आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवायचा महिना. नाना हल्ली तो दाखला मोबाइलवरून देतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. नाना जिवंत आहेत हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, ऐकूही येत होतं. पण ते सिद्ध करणारा ओटीपी ज्या फोनवर येणार, तो फोन म्हणत होता की आधी तुम्ही नाना आहात हे सिद्ध करा. हिने सुचवलं, सिम काढून माझ्या जुन्या फोनमध्ये घालू. त्याला ती बारीक पिन लागते. घरात दोन्ही पिना सापडेनात. आणि नानांचाही विरोध होता. म्हणाले, सिम काढलं की त्याला वाटेल आपण हरलो.

‘तिळा तिळा दार उघड’ म्हणायचं सोडून गुहेत अडकलेला कासिम मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला. लहानपणी आपण त्याला हावरा म्हणून शिक्षा झाली असं समजत होतो. हावरा तो होताच. पण त्याने गुहेत उभं राहून जवापासून सुरुवात करून एकेका धान्याचं नाव घेऊन पाहिलं, म्हणजे त्याची पद्धत आमच्यासारखीच, शास्त्रशुद्ध होती. त्याच्याकडे फक्त धान्यांचीच यादी होती. आमच्याकडे नातेवाईक होते.

मधल्या काळात फोन अगदी मेलेला नव्हता, हे जास्त त्रासदायक. सकाळी साडेपाचचा गजर तो इमानाने वाजवायचा. कॉल यायचे, घेता यायचे. पण नावं दिसत नव्हती, कारण नावांची वही आत कुलपात. नुसते दहा आकडे लुकलुकायचे. गेली कित्येक वर्षं नाना नाव बघून आवाज ठरवत आले आहेत. व्याह्यांचा फोन आला की एक आवाज, सोसायटीच्या सचिवाचा आला की दुसरा, धाकट्या भावाचा आला की वाजू द्यायचा. आता कोण आहे ते उचलल्याशिवाय कळेना, म्हणून नाना सगळ्यांशीच अत्यंत नम्रपणे बोलू लागले. कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलीला त्यांनी घरच्यांची खुशाली विचारली. धाकट्या भावाने तर फोन ठेवल्यावर आईंना लावून विचारलं, “वहिनी, नानांची तब्येत बरी आहे ना?”

बाहेर मात्र नानांची पंचाईत झाली. दुधापासून कोथिंबिरीपर्यंत सगळं स्कॅन करून घ्यायची सवय, त्यात पाचशेची नोट काढली की भाजीवाली नोटेकडे नव्हे, नानांकडे पाहायची. सुटे नाहीत बाबा, राहू द्या, उद्या द्या. आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं रोखून धरलेल्या माणसाच्या नावावर कोथिंबिरीची उधारी चढली.

अखेर मी त्यांना बुधवार पेठेत तपकीर गल्लीत घेऊन गेलो. तिथला दुरुस्तीवाला पोरगेलासा होता, डोळ्याला भिंग लावून दुसऱ्याच फोनच्या पोटात बघत होता. वर न बघता त्याने विचारलं, “काका, डेटा पाहिजे का फोन पाहिजे?”

“दोन्ही,” नाना म्हणाले.

“मग घरी जाऊन आठवा.”

मला हा प्रश्न फार आवडला. पुष्कळ विद्वान देह आणि आत्मा यांवर तासन्‌तास बोलतात, हा मुलगा एका वाक्यात गिऱ्हाईक मोकळं करतो. पुढे त्याने समजावलं तेही नेमकं. फोन पुसून कोरा करता येतो. पण कोरा झाला की तो पूर्वीचं गूगल खातं मागतो. चोराला फोन पुसून विकता येऊ नये म्हणून २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये ही तरतूद आहे. नानांना त्या खात्याचा पासवर्ड? नाही. विसरलात तर खातं कोड पाठवतं. कुठे? नानांनी हातातला फोन वर केला. तो हसला. “सगळ्यांचं हेच असतं काका.” चोराविरुद्ध रचलेला एकेक बंदोबस्त आम्ही तपासत होतो आणि प्रत्येक दारात पकडले जात होते ते नाना. चोर बिचारा या भानगडीत पडतच नसेल.

परतताना रिक्षात नाना खिन्न होते. धीर द्यावा म्हणून मी २०१६ मधली हकिगत काढली. अमेरिकेत गोळीबाराच्या एका तपासात एफबीआयच्या हातात हल्लेखोराचा आयफोन आला. आकडा चारच अंकी. पण दहा चुका झाल्या तर आतलं सगळं पुसलं जाण्याची भीती. त्यांनी अ‍ॅपलला कोर्टात खेचलं, अ‍ॅपल बधेना, शेवटी बाहेरच्या कुणाकडून तो उघडून घेतला आणि खटला मागे घेतला. म्हणजे एवढं मोठं खातं, तेही चार आकड्यांपुढे अडलं.

नाना ताठ बसले. “त्यांनाही बाहेरची निविदा काढावी लागली?” त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा खुलला. गुन्हा कोणता, फोन कुणाचा, यात त्यांना रस नव्हता. कार्यपद्धतीतली उणीव आंतरराष्ट्रीय आहे एवढं कळल्यावर त्यांच्या मनाची टोचणी गेली असावी.

रिक्षा घरापाशी थांबली आणि भाड्यावरून वाजलं. मीटरवर एक, रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं. नाना मीटर, आरटीओचं दरपत्रक आणि माणुसकी या तिन्ही मुद्द्यांवर बोलू लागले. बोलता बोलता सवयीने त्यांनी खिशातून फोन काढला, रिक्षावाल्याच्या डोळ्यांत डोळे घालून “अहो, आम्ही हिशेबातली माणसं आहोत” असं म्हणाले, अंगठ्याने टक टक टक झालं, आणि फोन समोरच्या क्यूआर कोडवर धरला. पैसे गेले. रिक्षा गेली. तेव्हा कुठे आम्ही दोघांनी त्या उजळलेल्या पडद्याकडे पाहिलं.

“नाना! काय दाबलंत?”

नाना अंगठ्याकडे पाहत राहिले. “मला काय माहीत? मी बोलत होतो.”

घरी आनंद झाला, पण तो जेवणापर्यंत टिकला. हयातीचा दाखला आधी देऊन टाकला. मग मी म्हटलं, लगेच आकडा बदलून घेऊ, यावेळी कागदावर लिहून. सेटिंगमध्ये गेलो. फोनने विचारलं, आधी सध्याचा आकडा टाका. नानांनी फोन हातात घेतला, डोळे मिटले, आई आतून येऊन मागे उभ्या राहिल्या, आणि अंगठा हवेतच थांबला. चुकीचा. पुन्हा चुकीचा. मी हात जोडून फोन काढून घेतला.

तेव्हापासून नानांच्या घरी नवा शिरस्ता आहे. चार्जर देवघराशेजारी कायमचा लावलेला. फोन बंद पडू द्यायचा नाही. तीन दिवसांनी फोन आकडा मागतो, त्या दिवशी आई मुद्दाम माहेरचा जुना विषय काढतात. नाना तावातावाने उत्तर देऊ लागले की नात हळूच फोन हातात सरकवते आणि काम होऊन जातं. परवा पुन्हा अपडेटची सूचना आली, तशी मेहुण्याने नाशिकहून तोडगा सुचवला. नाना भांडत असताना कुणीतरी मागून त्यांच्या अंगठ्याचा व्हिडिओ काढावा, म्हणजे आकडा कळेल. आम्ही दोन वेळा तयारीही केली. नानांनीच सांगितलं, सोडून द्या. कुणी बघत असलं की त्याला येत नाही.